बाबांनी बेतलेला कोट

९ सप्टेंबर

आई,

फोनवर आपलं जमत नाही, हे एकदा मान्य करून टाकू. तुला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी ओरडून सांगते, आणि तुझ्या पोटाच्या सगळ्या तक्रारी माझ्या शेजाऱ्यांना तोंडपाठ झाल्या आहेत. तेव्हा यापुढे पत्र. तुला वाचायला आवडतं, आणि पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस हे मला फार आवडतं.

आता कामाचं. सोबत एक कागद आहे. आमच्या कारखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला दिलेला, मी तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात उतरवून काढलाय. लोणी बंद. अंडी बंद. दूध साय काढून, तेही अर्धा कप. मीठ नावाला, साखर नाहीच. सकाळी पावाचे दोन तुकडे, दुपारी उकडलेली भाजी, रात्री पातळ सूप. मी उन्हाळ्यापासून हे पाळतेय आणि मागच्या आठवड्यात कटिंग टेबलावर वाकले तर पोट मध्ये आलं नाही. युनिफॉर्मचा अख्खा विभाग बघत राहिला. आता यात तुलाही ओढायचं ठरवलंय.

तोंड वाकडं करू नकोस. बाबांना जाऊन सहा महिने झाले. त्यांच्या ताटात काय पडतंय याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि त्यांचं हृदय बंद पडलं तेव्हा सगळे बघत राहिलो. तुझ्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. लांब असले तरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार आहे.

वजनकाटा तू आणणार नाहीस, मला माहीत आहे. आपल्या घरात तो कधी आलाच नाही. काट्यावर काय चढायचं, कोट घाला, कोट खोटं बोलत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून दर महिन्याला त्यांनी बेतलेला तुझा तपकिरी कोट घाल आणि मला कळव. बटणं ओढत असतील तर वजन वाढलंय. ढगळ होत असेल तर फार उतरलंय, मग मला लगेच सांगायचं. नीट बसत असेल तर सगळं ठीक. शिंप्याच्या घराला याहून चांगला काटा कुठला?

तुझी,
ठमी (लवकरच माजी ठमी)


२८ सप्टेंबर

ठमे,

कागद मिळाला. स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचणीनं लावलाय. खालचे घड्याळवाले वर आले होते, त्यांनी चष्मा लावून वाचला आणि हा तुरुंगातून आला का म्हणून विचारलं. बायको गेल्यापासून त्यांना दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायला भरपूर वेळ असतो. मी म्हटलं, माझ्या मुलीनं पाठवलाय, ती मोठ्या कारखान्यात कटर आहे, तिला मापातलं सगळं कळतं.

तू सांगतेस तर करते. बाबांच्या ताटाबद्दल लिहिलंस ते वाचलं. बरोबर आहे तुझं.

अंडीवाली दर आठवड्याला दाराशी अंडी ठेवून जाते. तिला इतक्या वर्षांनी नाही कसं म्हणायचं? म्हणून ती मी घड्याळवाल्यांना देते. ते सकाळी लोण्यावर परततात आणि त्याचा वास जिन्यावरून वर येतो. वासाला तुझ्या कागदात बंदी दिसली नाही, म्हणून दार उघडं ठेवते.

दुपारची भाजी बेचव लागते, खोटं कशाला बोलू. एकटीसाठी चूल पेटवायचाही कंटाळा येतो. पण होईल सवय.

कोट घातला. नीट बसतो.

बाकी विशेष काही नाही. शिवणाच्या मशीनला तेल घातलं. बरेच दिवस बंद होतं, बिचारं कुरकुरत होतं. किरकोळ काम काढलं होतं.

आई


१५ नोव्हेंबर

आई,

शाब्बास! दोन महिने झाले आणि कोट तस्साच. मी इथे सगळ्यांना सांगत असते की माझी आई या वयातही शब्दाची पक्की आहे. मी मात्र परवा घसरले. एकीचा वाढदिवस होता, केक कापला, आणि मी एक तुकडा खाल्ला. बरं, दोन खाल्ले. तू रागावशील म्हणून आधीच सांगून टाकते.

माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई रात्री काहीच खात नाही, आणि काय तुकतुकीत दिसते. तुला जमत असेल तर रात्रीचं सूपही सोडून बघ. झोप शांत लागते म्हणे.

यायचं मनात फार आहे, पण नर्सच्या युनिफॉर्मची मोठी ऑर्डर आलीय आणि कटिंगला आम्ही दोघीच उरलोय. मार्च उजाडेल असं दिसतं. तोवर घड्याळवाल्यांना सांगून कोट घातलेला एक फोटो पाठव ना. बाबांचा हात बघावासा वाटतो.

ठमी


२० डिसेंबर

ठमे,

फोटो सोबत आहे. घड्याळवाल्यांनी मला जिन्याच्या दारात उभी केली आणि हसा म्हणाले. मी हसले तर कवळी खाली आली, म्हणून फोटोत तोंड मिटलेलं आहे. हल्ली फार खुळखुळते. आधी ती बोलते, मग मी.

तू केक खाल्लास त्याचा मला कशाला राग येईल? उलट कसला होता ते लिहायला हवं होतंस. वर मलई होती की लोणी साखर फेटून लावली होती? आतून ओला होता का? पुढच्या वेळी सविस्तर लिही. वाचायला बरं वाटतं.

रात्रीचं सूप सोडलं. सुरुवातीला झोप लागेना, आता भूकच लागत नाही. दुपारीसुद्धा चार घास खाल्ले की पुरे वाटतं. तू म्हणालीस तसं झालं, सवय झाली.

अंगठी काढून डब्यात ठेवलीय. भांडी घासताना पाण्यात पडायला लागली होती. आणि आपला जिना कुणीतरी उंच केलाय. मध्ये एकदा बसलं की मग पार होतो. थंडीही यंदा कडक आहे, घरातसुद्धा मी कोट घालून बसते. म्हणजे तुझी महिन्याची परीक्षा माझी रोजच चालू आहे, आणि मी रोज पास होते.

फोटोत फिटिंग बघ. खांदे बघ. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगावर असा बसलेला कोट तुमच्या अख्ख्या कारखान्यात दाखव मला.

आई


६ जानेवारी

आई,

फोटो कटिंग टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. येणारी-जाणारी प्रत्येक जण बघते. सुपरवायझरबाईंनी तर विचारलं, हा कोट नवा शिवलाय का? मी म्हटलं, बावीस वर्षांपूर्वीचा आहे. तुला तो पूर्वीपेक्षाही छान बसलाय. आपल्या घराण्याचा हात धरणारं कुणी नाही.

एकच गंमत. खिसे बाजूच्या शिवणीला टेकल्यासारखे दिसतात. बाबा तर कायम दोन बोटं जागा सोडायचे, त्यावरून माझे किती कान पिळलेत त्यांनी. फोटोचा कोन असेल. तोंडही जरा बारीक वाटलं, पण ते कवळीमुळे असणार. मी आले की आपण नवी कवळी करून घेऊ, तोवर ढकल.

बाबांनाही हे सगळं वेळेवर लावलं असतं तर, असं सारखं मनात येतं. पण निदान तू तरी ऐकतेस.

केक साधाच होता. आतून कोरडा. तुझं काही हुकलं नाही.

ठमी


११ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

मी तुमच्या आईंच्या खाली राहणारा घड्याळवाला. आईंना न सांगता लिहितो आहे. त्यांना कळलं तर माझी खैर नाही. फोनवर मला अशी गोष्ट सांगता येत नाही, म्हणून पत्र घाईच्या टपालानं टाकतो.

काल सकाळी आई जिन्यात पडल्या. काळजीचं कारण आहे, पण हाड मोडलेलं नाही. त्या म्हणतात पाय घसरला नाही, पायरीवर चढवायला गेले तर वर उचललाच गेला नाही. त्यांना हॉस्पिटलात ठेवलं आहे.

त्यांना जिन्यातून मी उचललं. माझं वय आणि माझी कंबर बघता मला ते जमायला नको होतं. सहज जमलं. मला भीती वाटली ती त्याची.

डॉक्टरांनी विचारलं, या काय खातात? मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा कागद काढून नेला. त्यांनी तो वाचला आणि हा नक्की कोणासाठी आहे असं विचारलं.

दुसरं असं की आईंची अंडी गेले पाच महिने मी खाल्ली. मला ती आवडतात म्हणून त्या देतात, असं मी धरून चाललो. माझ्या तव्याचा वास वर जात होता. वरून खाली कधी काही शिजल्याचा वास आला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी आयुष्यभर बारीक बघायचं काम केलं आहे. तेव्हा मला दोष दिलात तरी मी काही म्हणणार नाही.

जमेल तितक्या लवकर या.

आपला,
खालचा


२ एप्रिल

आई,

सुखरूप पोहोचले. सात आठवडे तुझ्याजवळ होते आणि जे बोलायचं ते एकदाही बोलले नाही. तू घास घेतलास की मी वाटीत डोकं घालायची, आणि तू बघतेयस असं वाटलं की खिडकीबाहेर. तिथे मोठ्यानं बोलायचं म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जायचं, ही नुसती सबब. खरं म्हणजे माझं तोंड उघडत नव्हतं.

तुझा कोट नर्सनं पहिल्याच दिवशी पिशवीत घालून माझ्या हातात दिला होता. तू झोपली होतीस. मी तो बाहेरच्या बाकावर उलटा केला. आपली खोड, कुठलाही कपडा हातात आला की आधी आतून बघायचा. बाजूच्या शिवणीत एकाआत एक तीन टिपा होत्या. अस्तरही तितकंच आत घेतलेलं. खांदे उसवून परत बसवलेले. इतकं देखणं काम, आई, की मला आधी कौतुक वाटलं. मग कळलं मी काय बघतेय, आणि एकेक टीप बोटानं परत मोजली.

म्हणजे मी इथे काचेखाली फोटो ठेवून मिरवत होते, आणि तू तिकडे दर थोड्या दिवसांनी मशीनवर बसून स्वतःला आत घेत होतीस.

आता खिशाचं. तो फोटोचा कोन नव्हता. माझा जन्म खिशांच्या जागा आखण्यात गेला. खिसा शिवणीपाशी गेला तर कोट आत घेतलाय, हे मला झोपेतही कळतं. मला जानेवारीतच कळलं होतं. पण ते कळून घेतलं असतं तर ऑर्डर टाकून यावं लागलं असतं, आणि माझा कागद चुकला असं म्हणावं लागलं असतं. म्हणून कोन असेल असं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि जेवायला गेले. पोटभर जेवले.

आहार सांगायला येणाऱ्या त्या उंच बाई आठवतात? तुला त्या गोड बोलल्या. मला बाहेर नेऊन बोलल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की उतारवयात माणूस कमी खातो, म्हणून जे खातो त्यात कस लागतो. अंडं, दूध, दही, डाळी, मासा, रोज थोडं थोडं आणि दिवसातून जास्त वेळा. तुझ्यासारख्या उतरलेल्या शरीराला पावावर लोणी हवं, सूपही घट्ट हवं. ती ताकद स्नायूंना लागते, नाहीतर पाय पायरीवर चढत नाही. या वयात आपोआप उतरणारं वजन ही शाबासकीची गोष्ट नाही, धावत डॉक्टरांकडे जायची गोष्ट आहे. आणि दात आधी नीट करा, म्हणाल्या. चावताच येत नसेल तर माणूस खाणार काय? शेवटी माझा कागद परत देत त्या म्हणाल्या, “कागद चांगला आहे. पण ज्या बाईसाठी लिहिलाय, ती या खाटेवर झोपलेली नाही.”

तो कागद माझ्यासाठी होता ना गं. सत्तेचाळीस वर्षांच्या, केक चोरून खाणाऱ्या, जाड बाईसाठी. मी माझं माप तुझ्या अंगावर ठेवून कात्री चालवली. बाबांच्या दुकानात मी असा एक सदरा जरी बेतला असता तरी त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

तू मला एकदाही बोलली नाहीस. बोल. पण आधी एवढं सांग, ढगळ झाला तर कळव म्हटलं होतं, मग का नाही कळवलंस?

ठमी


१९ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन दिवस उशीखाली ठेवलं. रडत बसू नकोस. आणि माझ्या टिपांचं कौतुक केलंस तेवढं मात्र मी घेतलं. हात अजून थरथरत नाही.

विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मूग गिळून बसणार होते.

तुझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य होतं. त्यांच्या ताटात काय पडतंय याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ठमे, ताट मी वाढत होते. एकूण पन्नास वर्षं त्या ताटात जे पडलं ते माझ्या हातानं पडलं. दुसरं कुणी त्या स्वयंपाकघरात आलंच नाही. मग ते ‘कुणी’ म्हणजे मी नाही तर कोण? मला वाटलं, पोरीच्या मनात इतके दिवस होतं ते शेवटी तिनं लिहिलं. तोंडावर बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

आणि मग मला तुझा कागद बरोबर वाटला. घड्याळवाले विचारत होते ना, हा तुरुंगातून आला का? मी हसले, पण मनात म्हटलं, असेलही. लोणी बघितलं की मला त्यांचा हात दिसायचा, लोण्याच्या भांड्याकडे जाणारा. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. तूप, लोणी, अंडं नको म्हणताना मला बरं वाटायचं. ते गेले आणि मी खात बसलेय, असं निदान होत नव्हतं.

कोट पहिल्यांदा सैल झाला तेव्हा कळवायला बसले होते. कागद घेतला, तारीख घातली. मग वाटलं, हिला कळवलं तर ही म्हणेल, आईला सांगितलेलं एवढंही धड करता येत नाही. बाबांना सांभाळता आलं नाही, आता स्वतःला पण नाही. तू इतक्या लांबून काहीतरी करायला सांगितलं होतंस. तुझ्याकडून माझ्यापर्यंत येणारं तेवढंच होतं. ते मला मोडायचं नव्हतं. उठले आणि मशीनला तेल घातलं.

तेव्हा खोटं मीही बोलले. तू डोळे मिटून बोललीस, मी शिवून बोलले. आपण मायलेकी सारख्याच.

आता जेवणाचं. घड्याळवाले दुपारी वर येतात. कुणी बोलावलेलं नाही, अंडी घेऊन येतात आणि म्हणतात, ही तुमची, मी फक्त तवा तापवतो. मग आम्ही वाटून खातो. समोर माणूस चावत असला की आपलंही तोंड चालतं, हे मला नव्यानं कळलं. त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे मधल्या वेळेला दूध, त्यात पाव कुस्करून. पण रात्री एकटी ताटावर बसले की अजून ते वाक्य येऊन समोर बसतं. खोटं सांगून काय करू? रात्रीचं निम्मं तसंच राहतं.

आई


३० एप्रिल

आई,

तुझं पत्र कारखान्याच्या दारात उभ्या-उभ्या वाचलं आणि आत गेलेच नाही. परत घरी आले.

तुला काय लिहू? ते वाक्य मला आठवत नाही. तू लिहिलंस म्हणून कळलं की मी असं काही लिहिलं होतं. खूप प्रयत्न केला, ते लिहिताना माझ्या मनात काय होतं? तुझ्याविषयी काहीही नव्हतं. तुला कागद पाळायला लावायचं होतं, म्हणून हाताला लागलं ते जोरकस वाक्य टाकलं. ते रोज रात्री तुझ्या ताटासमोर बसत होतं, आणि मी ते लिहिल्या क्षणी विसरले होते.

मनात राग धरून लिहिलं असतं तर निदान आज तुझी माफी मागता आली असती, की तेव्हा रागात होते. माझ्याकडे तेवढंही नाही.

आता आठवणीत राहील असं लिहिते. बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मला फोनवर म्हणाले होते, “तुझ्या आईचा हात असा आहे की मला उद्याचं जेवण काय असेल याच्यासाठी जगावंसं वाटतं.” मी हसले होते आणि कामाचं बोलायला लागले. हे तुला सांगायचं राहूनच गेलं. कागद पाठवायच्या आधी हे पाठवायला हवं होतं.

हॉस्पिटलात मी तुझ्या डॉक्टरांना बाबांचे सगळे रिपोर्ट दाखवले होते. त्यांचं म्हणणं, हृदयाची झडप कितीतरी वर्षांपासून अधू होती. त्यांना लोण्यानं नेलं असं कुणी म्हणू शकणार नाही. मी हे विचारलं होतं ते माझ्या मनाच्या शांतीसाठी. तुझ्याही मनात तेच चाललं असेल, हे तेव्हाही सुचलं नाही.

रात्री ताटावर बसलीस की माझ्या वाक्याला उठव तिथून आणि बाबांचं बसव. एवढं कर माझ्यासाठी. नको, माझ्यासाठी नको. मी सांगते म्हणून तू आता काही करू नयेस.

ठमी


२६ जून

ठमे,

जवळजवळ दोन महिने पत्र नव्हतं म्हणून तू घड्याळवाल्यांना तीनदा फोन केलास, आणि ते दर वेळी मला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं करून बघून गेले. मी जिवंत आहे. मुद्दाम लिहीत नव्हते. लिहायला काही खरं हाताशी यावं, असं ठरवलं होतं.

बाबांचं वाक्य मिळालं. लबाड माणूस. माझ्यासमोर पन्नास वर्षं म्हणत राहिला, जरा मीठ कमी आहे. त्यांच्यावर इतकी चिडले की त्या रात्री भांडून भांडून दोन अंडी खाल्ली. मग बराच वेळ रडले. मग ताट घासून झोपले. तेव्हापासून रात्रीचं निम्मं राहत नाही. कधी चतुर्थांश राहतं, कधी काहीच नाही. रोज जमतं असं लिहिणार नाही.

नवी कवळी बसली. पहिले चार दिवस तोंडात कुणी पाहुणा राहायला आल्यासारखं वाटत होतं. आता सफरचंद चावता येतं, साल काढून. जिना पुन्हा खाली आलाय. मध्ये बसावं लागत नाही, कठडा मात्र धरते. अंगठी अजून डब्यातच आहे.

तू स्वतःला खाऊ नकोस. काय झालं ते झालं, ते मी पुसून टाकणार नाही, तुलाही पुसू देणार नाही. पण तुझ्या शेवटच्या ओळीचा मला राग आला. मी सांगते म्हणून काही करू नकोस, असं लिहिलंस. मग मी कुणाचं ऐकू? सांगत जा. फक्त आधी मला बघ आणि मग सांग.

आता कोट. तू आतून बघितलास तेव्हा एक गोष्ट लिहायची विसरलीस, किंवा तुला लिहवली नसेल. मी कापड कापलं नव्हतं. तिन्ही वेळा कात्री हातात घेतली होती, बाजूचं जास्तीचं कापून टाकलं असतं तर काम आणखी साफ बसलं असतं. पण ते तुझ्या बाबांनी बेतलेलं कापड होतं. दुमडून तसंच आत ठेवलं.

परवा घातला तर काखेत काचला. दोन्ही बाजूंची सगळ्यात आतली टीप उसवली. एक गेली, दोन राहिल्या. फोटो पाठवत नाही, माझ्या फोटोवर तू आता विश्वास ठेवू नयेस. त्याऐवजी उसवलेला दोरा पाकिटात घातलाय.

अर्थात दोरा काय, कुठलाही पाठवता येतो. रीळभर आहे घरात. आणि खोटं शिवायला मला किती सोपं जातं, ते तू बघितलंच आहेस. तेव्हा यावर समाधान मानू नकोस. सुट्टी काढ आणि ये. टेप मशीनच्या खणात आहे, स्वतःच्या हातानं मला माप.

रात्रीच्या गाडीनं येऊ नकोस. दुपारी जेवायला पोहोच.

आई